फळमाश्या

डिप्टेरा (द्विपंखी) गणाच्या टेफ्रिटिडी कुलातील, बहुधा जिवंत फळांत अंडी घालणाऱ्या माश्यांना हे नाव दिले जाते. या कुलात सु. ५०० प्रजाती व जवळजवळ ५,००० जाती असून अतिशीत प्रदेश वगळता त्या जगात सर्वत्र आढळतात. सर्वच जातींची वाढ फळांत होत नाही. पुष्कळ जातींच्या अळ्या सूर्यफुलाच्या कुलातील (कंपॉझिटी) वनस्पतींच्या फुलोऱ्यात वाढतात, तर काही खोडावर गाठी निर्माण करतात. करडईच्या बोंडांत वाढणारी ॲकॅन्थिओफिलस हीलिअँथाय ही अशांपैकी एक होय. मात्र आर्थिक दृष्ट्या महत्त्वाच्या जाती प्रामुख्याने बॅक्ट्रोसेरा, झ्यूगोडॅकस, डॅकस, सेराटिटिस, ॲनास्ट्रेफा, ऱ्हॅगोलेटिस व कार्पोमिया या प्रजातींतील असून त्या फळांवर व फळभाज्यांवर वाढतात.

आनुवंशिकीतील प्रयोगांमुळे प्रसिद्धी पावलेल्या ड्रॉसोफिला या माशीलाही पुष्कळदा फळमाशी म्हणतात. परंतु ती ड्रॉसोफिलिडी या वेगळ्या कुलातील आहे. ती सामान्यतः आंबलेल्या व कुजू लागलेल्या फळांकडे आकर्षित होते आणि तिच्या अळ्या मुख्यतः त्यांतील यीस्टवर वाढतात. खरी फळमाशी झाडावरील निरोगी फळाला भोक पाडून आत अंडी घालते व फळ कुजण्यास तीच कारणीभूत होते.

शारीरिक लक्षणे : फळमाश्या घरमाशीएवढ्या किंवा तीहून किंचित लहान, तांबूस, तपकिरी वा काळसर रंगाच्या असून त्यांच्या वक्षावर पिवळे पट्टे व ठिपके असतात. पंख पारदर्शक असून त्यांवर जातीनुसार गडद पट्टे किंवा डाग आढळतात. कमरेजवळ निमुळते झालेले शरीर आणि पिवळे-काळे रंग यांमुळे बॅक्ट्रोसेराच्या अनेक जाती प्रथमदर्शनी लहान गांधील माशीसारख्या भासतात. उत्तर अमेरिकेतील काही जातींच्या पंखांवरील पट्टे उडी मारणाऱ्या कोळ्याच्या पायांसारखे दिसतात आणि पंखांच्या विशिष्ट हालचालींमुळे त्या अशा कोळ्यांच्या हल्ल्यापासून बचावतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मादीच्या उदराचे टोक लांबट असून त्यात सुईसारखा कठीण अंडनिक्षेपक (अंडी घालण्याचा अवयव) असतो. नरात तो नसल्याने नर व मादी सहज ओळखता येतात.

जीवनवृत्त : मादी फळाच्या सालीखाली पांढरी, किंचित वाकलेली, सु. १ मिमी. लांबीची अंडी पुंजक्याने घालते. उष्ण हवामानात एक ते तीन दिवसांत त्यांतून पाय नसलेल्या पांढरट अळ्या बाहेर पडतात. गर खात त्या आत शिरतात आणि दोनदा कात टाकून पूर्ण वाढतात. त्यांच्याबरोबर सूक्ष्मजंतू आत पसरतात व फळ आतून मऊ पडून कुजते. पूर्ण वाढलेली अळी सु. १ सेंमी. लांब असते. ती शरीराची कमान करून एकदम सोडते व त्यामुळे उडी मारल्याप्रमाणे दूर जाऊन पडते. फळ गळून पडल्यावर ती बाहेर येऊन जमिनीत काही सेंमी. खोलीवर कोशावस्थेत जाते. कोश पिंपासारखा व तपकिरी असून शेवटच्या अवस्थेतील अळीची कातच टणक होऊन त्याचे कवच बनते. बहुधा एक ते दोन आठवड्यांत त्यातून प्रौढ माशी बाहेर पडते. थंडीत हा काळ बराच लांबतो.

नव्या मादीच्या बीजांडकोशात अंडी पक्व होण्यास प्रथिनयुक्त अन्न लागते. मावा, तुडतुडे इ. कीटकांचा चिकट स्राव, पक्ष्यांची विष्ठा आणि पानांवरील सूक्ष्मजंतू यांपासून ते तिला मिळते. त्यामुळे बाहेर पडल्यापासून अंडी घालू लागेपर्यंत सामान्यतः एक ते दोन आठवडे जातात. विषारी आमिषांनी माशीचे नियंत्रण करण्याच्या पद्धतीचा पाया हाच काळ होय. अनुकूल परिस्थितीत एक मादी आयुष्यात एक हजाराहून अधिक अंडी घालू शकते. उष्ण प्रदेशात वर्षाला अनेक पिढ्या होतात.

आश्रयी वनस्पती : आश्रयाच्या दृष्टीने फळमाश्यांचे स्थूलमानाने तीन गट पडतात. एकाच वनस्पतीवर किंवा तिच्या निकटच्या जातींवर वाढणाऱ्या माश्या पहिल्या गटात येतात. बोरावरील कार्पोमिया व्हेसुव्हियाना व ऑलिव्हवरील बॅक्ट्रोसेरा ओलिई ही त्याची उदाहरणे होत. दुसऱ्या गटातील माश्यांना मुख्यत्वे एकच वनस्पतिकुल पसंत असते. कारले, दोडका, घोसाळे, पडवळ, काकडी, भोपळा, खरबूज, कलिंगड इत्यादींवरील झ्यूगोडॅकस कुकर्बिटी (पूर्वीचे नाव बॅक्ट्रोसेरा कुकर्बिटी) ही माशी या गटातील असून ती भारतीय उपखंडातील मूलनिवासी मानली जाते. तिच्या शंभराहून अधिक आश्रयी वनस्पतींची नोंद असली, तरी भोपळ्याच्या कुलातील वनस्पतींनाच ती प्राधान्य देते. फळ नसल्यास ती कळ्या, फुले व कोवळी खोडे यांतही अंडी घालते.

तिसरा गट बहुभक्षी जातींचा. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही पौर्वात्य फळमाशी आंबा, पेरू, चिकू, पपई, केळे, जांभूळ, देशी बदाम इ. तीनशेहून अधिक वनस्पतींच्या फळांत वाढू शकते. बॅ. झोनाटा व बॅ. करेक्टा या तिच्या निकटच्या जातीही भारतात आंबा व पेरूवर विपुल आढळतात. आफ्रिकेतील मूळची सेराटिटिस कॅपिटाटा ही भूमध्य सागरी फळमाशीदेखील याच गटातील आहे. बहुभक्षी माशीला हंगामामागून हंगाम अन्न मिळत राहते. आंबा संपला की पेरू, पेरू नसेल तेव्हा बांधावरील रानटी फळे, असा क्रम चालू असल्याने केवळ एका बागेत केलेला उपाय फार काळ टिकत नाही. कोकणात हंगामाच्या आरंभीच्या आंब्यापेक्षा मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर तयार होणाऱ्या आंब्यात अळ्यांचे प्रमाण अधिक असते; कारण तोपर्यंत माश्यांची संख्या वाढलेली असते व हवेतील आर्द्रताही त्यांना मानवते.

आश्रय बदलल्यामुळे जाती कशी दुभंगते, याचे प्रसिद्ध उदाहरण उत्तर अमेरिकेतील ऱ्हॅगोलेटिस पोमोनेला या माशीचे आहे. ती मूळची हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवरची. यूरोपीय वसाहतवाल्यांनी नेलेल्या सफरचंदावर ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आढळू लागली. बेंजामिन वॉल्श यांनी या घटनेकडे १८६७ साली लक्ष वेधले. सफरचंद लवकर पिकते व हॉथॉर्न उशिरा. त्यामुळे दोन्ही समूहांचे मीलनाचे काळ वेगळे झाले आणि त्यांच्यात आनुवंशिक भेद दिसू लागले. या माशीच्या अळ्यांवर वाढणाऱ्या डायकॅस्मा ॲलोइअम या परोपजीवी कीटकातही असाच भेद पडत असल्याचे २००९ मध्ये सिद्ध झाले. भक्ष्याची वाट बदलली की त्यामागून शत्रूचीही बदलते, असे यावरून दिसते.

परोपजीवी शत्रू : मुंग्या, भुंगेरे, कोळी, पक्षी इ. प्राणी फळमाशीच्या अळ्या, कोश किंवा प्रौढ माश्या खातात. तथापि तिचे सर्वांत महत्त्वाचे शत्रू हायमेनॉप्टेरा गणातील, म्हणजे गांधील माशीच्या गणातील, चिमुकले कीटक होत. हे खऱ्या अर्थाने परजीवी नाहीत. परजीवी सामान्यतः आश्रयदात्याला जिवंत ठेवतो; या कीटकांची अळी मात्र वाढ पुरी होताना त्याला हमखास मारते. म्हणूनच त्यांची गणना परजीवी व परभक्षी यांच्या मधली केली जाते. त्यांचे प्रौढ मध, मकरंद यांवर जगतात व त्यांपासून माणसाला उपद्रव होत नाही.

माशीच्या ज्या अवस्थेवर हल्ला होतो तीनुसार या कीटकांचे प्रकार करतात. (१) अंड्यावर हल्ला करणारे : ब्रॅकोनिडी कुलातील फोपियस ॲरिसॅनस याची मादी फळात खुपसलेल्या अंडनिक्षेपकाने माशीचे अंडे शोधून त्यात आपले अंडे घालते. माशीची अळी नेहमीप्रमाणे बाहेर पडते, वाढते, जमिनीत जाऊन कोश करते आणि त्यानंतर आतील परोपजीवी तिला संपवून कोशातून बाहेर येतो. (२) अळीवर हल्ला करणारे : डायकॅस्मिमॉर्फा लाँगिकॉडाटा ही मोठ्या अळीवर हल्ला करते. तिचा अंडनिक्षेपक शरीराहून लांब असतो. खरबूज-कारल्यावरील माशीच्या अळ्यांवर वाढणारा सिटॅलिया फ्लेचेराय आणि फळाच्या भेगांतून आत शिरून एका अळीत अनेक अंडी घालणारा टेट्रास्टिकस गिफार्डियानस हेही या प्रकारातील होत. (३) कोशावर हल्ला करणारे : स्पॅलँजिया, पॅकिक्रेपॉइडियस व डायऱ्हायनस या प्रजातींतील कीटक मातीत शिरून कोशाला भोक पाडतात व आतील कीटकाची वाढ थांबवून त्यावर अंडे घालतात. यांतील बहुतेक जाती इतर माश्यांच्या कोशांवरही वाढतात.

फळाच्या आत दडलेली अळी शोधणे सोपे नसते. त्यासाठी हे कीटक टप्प्याटप्प्याने खुणांचा माग घेतात. प्रथम आश्रयी झाडाचा व पिकलेल्या फळाचा गंध, नंतर कुजू लागलेल्या गरातील बुरशीमुळे निर्माण होणारा गंध आणि अखेरीस फळावर बसल्यावर आतील अळीच्या हालचालींमुळे होणारी सूक्ष्म कंपने यांचा उपयोग डा. लाँगिकॉडाटाची मादी करते. ऱ्हॅगोलेटिस पोमोनेलाची मादी अंडे घातल्यावर त्या फळावर एक द्रव्य फासून ठेवते. दुसऱ्या मादीने तेथे अंडे घालू नये, हा त्यामागील हेतू. ओपियस लेक्टस हा परोपजीवी नेमकी हीच खूण वाचून अंड्यापर्यंत पोहोचतो, असे १९७८ मध्ये दाखवून देण्यात आले.

अळीच्या शरीरात शिरलेल्या परक्या अंड्याभोवती तिच्या रक्तपेशी जमून त्याला गुदमरवून टाकतात. या संरक्षणाला निष्प्रभ करण्याच्या रीती परोपजीवींत विकसित झाल्या आहेत. फो. ॲरिसॅनस माशीची संरक्षणयंत्रणा तयार होण्यापूर्वीच, अंड्यात शिरकाव करून घेतो. डा. लाँगिकॉडाटा अंड्याबरोबर एक विषाणूही सोडते व तो अळीच्या रक्तपेशींना दुर्बळ करतो. एका जातीच्या माशीत यशस्वी ठरणारी रीत दुसऱ्या जातीत फसू शकते. फो. ॲरिसॅनसची बॅ. डॉर्सालिसमध्ये उत्तम वाढ होते, परंतु झ्यू. कुकर्बिटीमध्ये ती नीट होत नाही. त्यामुळे सर्व फळमाश्यांवर एकच परोपजीवी उपयोगी पडत नाही.

जैव नियंत्रणाचा इतिहास : फळमाश्यांच्या जैव नियंत्रणाचे सर्वांत मोठे प्रयोग हवाई बेटांत झाले. तेथे खरबुजावरील माशी १८९५ च्या सुमारास, भूमध्य सागरी माशी १९१० मध्ये व पौर्वात्य फळमाशी १९४५ च्या सुमारास आढळली. मूळ प्रदेशातील शत्रू मागे राहिल्याने त्यांची बेसुमार वाढ झाली. १९१२-१३ मध्ये इटालियन कीटकशास्त्रज्ञ फिलिप्पो सिल्व्हेस्त्री यांनी पश्चिम आफ्रिकेत हिंडून भूमध्य सागरी माशीचे परोपजीवी गोळा करून हवाईत नेले. १९१६ मध्ये डी. टी. फुलवे यांनी सि. फ्लेचेराय हा परोपजीवी भारतातून नेऊन तेथे स्थिर केला.

पौर्वात्य फळमाशी आल्यावर १९४७ ते १९५२ या काळात आशिया, आफ्रिका व इतर प्रदेशांतून सु. तीस जातींचे शत्रू आणून सोडण्यात आले. त्यांतून पुढे आलेला क्रम उद्‌बोधक आहे. प्रथम मोठ्या अळीवर हल्ला करणारी डा. लाँगिकॉडाटा बहुसंख्य झाली. तिला कोवळ्या अळीवर हल्ला करणाऱ्या फोपियस व्हॅन्डेनबॉस्कायने मागे टाकले. आणि १९५० पासून अंड्यावर हल्ला करणारा फो. ॲरिसॅनस सर्वांवर वरचढ ठरला. एकाच माशीत दोन परोपजीवी आल्यास आधी आलेला उशिरा येणाऱ्याची वाढ थांबवतो, हे यामागील प्रमुख कारण होय. पुढे पेरूतील फळमाश्यांपैकी साठ ते सत्तर टक्के या एका कीटकाने मरत असल्याचे आढळले. फ्रेंच पॉलिनीशियातील ताहिती बेटावर बॅ. डॉर्सालिस १९९६ मध्ये आढळल्यानंतर २००२ पासून हाच कीटक सोडण्यात आला व तो तेथे रुजला. केन्यात २००३ मध्ये सापडलेल्या एका आशियाई फळमाशीला २००५ मध्ये बॅ. इन्व्हेडन्स असे नाव देण्यात आले, ती बॅ. डॉर्सालिसच असल्याचे २०१५ मध्ये निश्चित झाले. तिच्याविरुद्धही फो. ॲरिसॅनस हवाईतून आफ्रिकेत नेण्यात आला. एखाद्या माशीची ओळख चुकल्यास तिचे मूलस्थान व तेथील शत्रू शोधणे अवघड होते. म्हणून जैव नियंत्रणात वर्गीकरणाला फार महत्त्व आहे.

मर्यादा : परोपजीवींचे यश आश्रयी वनस्पतीवरही अवलंबून असते. हवाईतील रानकारल्याच्या लहान, पातळ फळांत सि. फ्लेचेरायचा प्रभाव मोठा दिसतो. लागवडीतील जाड गराच्या मोठ्या फळांत तो फार कमी असतो. अळी खोल गरात गेली की अंडनिक्षेपक तिच्यापर्यंत पोहोचत नाही. मानवाने फळ मोठे व गरयुक्त केले, तेव्हा नकळत फळमाशीलाही सुरक्षित निवारा मिळाला.

दुसरी मर्यादा याहून मूलभूत आहे. अंडे वा अळी यांवर वाढणारे परोपजीवी माशीला कोशावस्थेत मारतात, म्हणजे अळीने फळ नासवून झाल्यावर. त्यामुळे त्यांचा लाभ हातातील पिकाला न होता माशीची पुढची पिढी कमी होण्यात दिसतो. निर्यातीच्या व्यापारात तर फळात एकही जिवंत अळी चालत नाही. फळमाश्या व इतर किडी आढळल्यावरून यूरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंबा व कारले, पडवळ इ. चार भाज्यांच्या आयातीवर बंदी घातली होती. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. यूरोपला पाठविण्याच्या आंब्यावर ४८° से. तापमानाच्या पाण्यात एक तास ठेवण्याची प्रक्रिया करतात. अमेरिकेला २००७ पासून जाणाऱ्या आंब्यावर ४०० ग्रे मात्रेचे प्रारण सोडण्यात येते. महाराष्ट्रात लासलगाव येथील केंद्रात या कामाला आरंभ झाला. अशा उपायांची जागा परोपजीवी घेऊ शकत नाहीत; मात्र बागेतील माश्यांची संख्या घटवून ते त्या उपायांवरील भार कमी करतात.

परोपजीवी आणताना धोकाही संभवतो. भूमध्य सागरी माशीसाठी हवाईत नेलेली डा. ट्रायोनी ही जाती टणटणीच्या नियंत्रणासाठी तेथे सोडलेल्या एका उपयुक्त गाठमाशीवरही वाढू लागली. म्हणून नवा कीटक सोडण्यापूर्वी त्याच्या आश्रयदात्यांची कसून परीक्षा घेतात.

नियंत्रण : अळी फळाच्या आत असल्याने कीटकनाशकाची फवारणी तिच्यापर्यंत पोहोचत नाही, उलट बागेत वावरणारे परोपजीवी तिला सहज बळी पडतात. भारतातील लागवडीच्या बागांत नैसर्गिक परोपजीवींचे प्रमाण सामान्यतः कमी आढळते, याचे हेही एक कारण आहे. म्हणून नियंत्रणाचे उपाय परस्परपूरक असावे लागतात [⟶ कीटक नियंत्रण].

गंधाचा सापळा हा त्यांतील मुख्य उपाय असून त्याचा शोध भारतात लागला. बिहारमधील पुसा येथे काम करणारे एफ्. एम्. हाउलेट यांना १९१२ मध्ये सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे नर धाव घेतात असे आढळले, आणि १९१५ मध्ये त्यांनी मिथिल यूजेनॉल हे आकर्षक द्रव्य असल्याचे दाखविले. तुळशीच्या काही वाणांच्या तेलातही ते असते. नर हे द्रव्य खाऊन त्यापासून मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात. बॅ. डॉर्सालिस, झोनाटा व करेक्टा यांचे नर याकडे येतात. भोपळ्याच्या कुलावरील माशीसाठी क्यू-ल्यूर हे द्रव्य वापरतात. बोरावरील माशी मात्र दोहोंकडेही आकर्षित होत नाही. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा आंबा बागायतदारांच्या परिचयाचा आहे. सापळ्यात केवळ नर मरतात व उरलेला एक नर अनेक माद्यांना फलित करू शकतो. म्हणून सापळे थोड्या बागांत न लावता सबंध परिसरात एकाच वेळी लावल्यास उपयोग होतो. पॅसिफिकमधील रोटा बेटावरून १९६० नंतरच्या दशकात बॅ. डॉर्सालिसचे या पद्धतीने निर्मूलन करण्यात आले. प्रारणाने वंध्य केलेले नर सोडण्याच्या पद्धतीने जपानने ओकिनावा बेटसमूहातून खरबुजावरील माशी १९९३ पर्यंत नष्ट केली. परोपजीवींना या दोन्ही पद्धतींपासून अपाय होत नाही.

गळलेली फळे गोळा करून नष्ट करणे हा सर्वांत स्वस्त व अत्यावश्यक उपाय होय. एका पेरूतूनही कित्येक माश्या निघू शकतात; अशी फळे झाडाखाली तशीच राहिल्यास सापळे व आमिषे अपुरी पडतात. फळे किमान अर्धा मीटर खोल पुरावी लागतात. उथळ पुरल्यास माश्या वर येतात. परंतु पुरलेल्या फळांबरोबर त्यांतील परोपजीवीही मरतात. ही अडचण टाळण्यासाठी हवाईत गळलेली फळे बारीक जाळीच्या बंद तंबूत टाकण्याची रीत काढण्यात आली. जाळीची छिद्रे अशी असतात की, मोठी फळमाशी आत अडकून मरते आणि तीहून लहान परोपजीवी बाहेर पडून बागेत परततो. मोठ्या फळांवर कागदी किंवा कापडी पिशव्या बांधणे, कोश उघडे पडावेत म्हणून झाडाखालील माती उकरणे, फळ पक्व होताच उतरविणे आणि प्रथिनयुक्त आमिषात अल्प कीटकनाशक मिसळून ते ठिकठिकाणी टाकणे हे इतर उपाय आहेत.

परोपजीवींची पैदास करून त्यांना मोठ्या संख्येने सोडणे मेक्सिको, अमेरिकेची संयुक्त संस्थाने इ. देशांत रूढ झाले आहे. त्यांच्यात फलित अंड्यांपासून माद्या व अफलित अंड्यांपासून नर होतात. त्यामुळे पैदास केंद्रात मीलन नीट न झाल्यास नरच अधिक निपजतात व अंडी घालण्याचे काम करणाऱ्या माद्या कमी पडतात. भारतात फो. ॲरिसॅनस, डा. लाँगिकॉडाटा, सि. फ्लेचेराय व बोरावरील माशीवर वाढणारा फो. कार्पोमाये हे मूळचेच आहेत. ते बाहेरून आणावे लागत नाहीत. फवारणी मर्यादित ठेवणे व गळलेली फळे विचारपूर्वक हाताळणे एवढ्यानेही त्यांचे संरक्षण होऊ शकते.